सीओपीडी आणि हेल्थ कोच : इंदूरच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी इंदूरमध्ये सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटसोबत कोच म्हणून काम करतेय, बहुतेक फोनवर आणि मधूनमधून घरी जाऊन. राजेंद्रनगर असो, सुदामानगर, लोकमान्यनगर की परदेशीपुरा, प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. औषध बदलणं, डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम, ते मी करत नाही आणि हे वाचून तुम्हीही करू नका.

सीओपीडी म्हणजे दमाच ना?

नाही, पण गोंधळ सगळ्यांचाच होतो कारण दोन्हीत धाप लागते आणि दोन्हीत पंप, म्हणजे इन्हेलर, देतात. दमा वरखाली होत राहतो, आज छाती भरून आली तर उद्या एकदम मोकळी. सीओपीडीत श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात आणि बऱ्याच जणांत फुप्फुसातले हवेचे बारीक फुगेही सैल पडलेले असतात, त्यामुळे हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. पेशंट म्हणतात "श्वास घेता येत नाही", खरं तर आधीचा श्वास सोडून झालेला नसतो म्हणून नव्याला जागाच नसते. ही एक गोष्ट डोक्यात बसली ना की पुढचं अर्धं आपोआप समजतं.

आणि एक, नुसत्या एक्स-रेवर हा आजार ठरत नाही. स्पायरोमेट्री करावी लागते, म्हणजे एका नळीत जीव खाऊन फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली ते बघतात, आणि पंपाचं औषध दिल्यावरही ते गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर सीओपीडी धरतात. वर्षानुवर्षं "जुना खोकला" म्हणून सिरप पिणारी माणसं मी बघितली आहेत ज्यांनी ही टेस्ट एकदाही केलेली नव्हती. काहींना दमा आणि सीओपीडी दोन्ही असतं, ते डॉक्टर सांगतील.

बाबांनी आयुष्यात बिडी ओढली नाही, मग त्यांना कसं झालं?

बिडी-सिगरेट हे मोठं कारण आहेच, पण एकटं नाही. चुलीचा धूर, त्यात शेणी-लाकडं जाळून स्वयंपाक केलेल्या बायका, लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया, होऊन गेलेला टीबी, कामावरची धूळ, हे सगळं फुप्फुसाला लागतं. आपल्या इंदूरला तर मिलवाली माणसं घरोघरी आहेत. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, बाकीच्याही गेल्या, पण कापसाच्या धुळीत वीस-पंचवीस वर्षं काढलेली फुप्फुसं अजून घरात बसून खोकतायत. माझे बाबा मिलच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, होते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती जास्त आवळायची, आई म्हणायची यांना सोमवार बाधतो. कापसाच्या धुळीच्या त्रासाचं तेच तर लक्षण आहे हे मला खूप उशिरा कळलं.

म्हणून कोणाला सीओपीडी आहे कळलं की पहिला प्रश्न "सिगरेट ओढता का" असा आरोपाच्या सुरात विचारू नका. ज्यांनी ओढली त्यांनाही तो सूर नको असतो.

डॉक्टर आहेत, औषधं आहेत, मग हेल्थ कोच कशाला?

साधा हिशोब बघा. वर्षाचे तास होतात ८७६०. समजा तुम्ही चार वेळा डॉक्टरांकडे गेलात आणि दर वेळी दहा मिनिटं मिळाली, तर झाली चाळीस मिनिटं. बाकीचा सगळा वेळ आजार तुमच्या घरात, तुमच्या हातात असतो, पंप बरोबर ओढला का, आज चाललात का, कफाचा रंग बदलला ते लक्षात आलं का, रात्री घाबरल्यासारखं झालं तेव्हा काय केलं. हे सगळं करण्याला स्वतःची काळजी स्वतः घेणं म्हणतात आणि ते कोणी शिकवल्याशिवाय येत नाही, पोहायला जसं पुस्तक वाचून येत नाही तसंच.

कोच त्या मधल्या वेळातला माणूस. तो तपासत नाही, औषध लिहून देत नाही. तो विचारतो, ऐकतो, तुमच्या घरात काय जमण्यासारखं आहे ते तुमच्याबरोबर बसून शोधतो आणि पुढच्या आठवड्यात आठवणीने परत विचारतो. हे परत विचारणंच फार महत्त्वाचं.

नुसतं फोनवर बोलून काय होणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका मुलाचा फोन आला, "ताई, तुम्हीच सांगा आमच्या बाबांना, चालत नाहीत, पंप घेत नाहीत, आमचं ऐकत नाहीत." मी काकांना फोन केला तेव्हा ते तयारीतच होते की आता हिचंही लेक्चर ऐकायचं. मी विचारलं, "काका, या श्वासामुळे सध्या सगळ्यात जास्त काय अडतंय?" म्हणाले, "काही नाही, ठीक आहे." मी गप्प राहिले. फोनवर गप्प राहणं अवघड असतं पण राहिले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचो, ते सुटलं."

झालं, आता काम कशावर करायचं ते काकांनीच सांगितलं होतं. मी विचारलं, "परत सोडायला जाणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १० मध्ये?" म्हणाले ९. "आणि जमेल असा भरवसा किती?" म्हणाले ४. इथे आपण सगळे म्हणतो, अहो फक्त ४ का? मी उलटं विचारलं, "४ का म्हणालात, २ का नाही?" तर म्हणाले, "कारण किराणा दुकानापर्यंत तर मी अजून जातो की." म्हणजे जमतंय हे त्यांच्याच तोंडून आलं. मग आम्ही ठरवलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी पंप घेतल्यावर, दुकानापर्यंत जायचं, तिथल्या ओट्यावर बसायचं, श्वास जागेवर आला की पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जाऊन परत फिरायचं. याचा भरवसा विचारला तर ७. ७ किंवा वर असेल तरच मी ठरवलेलं पक्कं धरते, खाली असेल तर काम अजून छोटं करायचं.

दोन-अडीच महिन्यांनी काका बसच्या कोपऱ्यापर्यंत पोचले. मग पावसाळ्यात छातीत इन्फेक्शन झालं, सगळं सुटलं, परत दुकानापासून सुरू केलं. असंच असतं हे, सरळ रेषेत काही जात नाही.

या विचारण्याच्या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात, विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून ती मांडली, पुढे ती बाकीच्या आजारांतही आली. मुद्दा एकच, माणसाला दुसऱ्याने सांगितलेली कारणं पटत नाहीत, स्वतः बोललेली पटतात.

पण याचा काही पुरावा आहे का?

आहे, आणि एक धोक्याचा इशाराही आहे, दोन्ही सांगते.

कॅनडाच्या क्यूबेकमध्ये १९१ पेशंटवर झालेला अभ्यास २००३ ला छापून आला, घरी येऊन शिकवणं आणि मग फोनवर पाठपुरावा, तर सीओपीडी बिघडून हॉस्पिटलात भरती होणं जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. २०१६ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी २१५ पेशंटवरचा अभ्यास छापला, हे सगळे सीओपीडी बिघडून भरती झालेले, घरी गेल्यावर त्यातल्या अर्ध्यांना वर सांगितलं तशा पद्धतीचं कोचिंग फोनवर दिलं, आणि पहिल्या सहा महिन्यांत परत भरती होणं कमी झालं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्याच माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये ४२६ पेशंटवर अशाच प्रकारचा अभ्यास चालू होता, शिकवणं होतं, लेखी प्लॅन होता, फोन होते, आणि तो मध्येच थांबवावा लागला कारण शिकवलेल्या गटात २८ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात १०. २०१२ मध्ये तो छापला गेला. असं का झालं याचं पक्कं कारण त्यांनाही सापडलं नाही. मी हे प्रत्येक घरी सांगते. यातून मी माझ्यापुरता एक नियम केलाय, माझ्या कोणत्याही पेशंटने "ताईंनी शिकवलंय, आपलं आपण बघू" म्हणून डॉक्टरांकडे जायला उशीर करायचा नाही. स्वतःची काळजी स्वतः घेणं म्हणजे एकट्याने झुंजणं नाही. पेशंटचे डॉक्टर कोण हे माहीत नसेल तर मी कोचिंग सुरूच करत नाही.

पंप तर रोज घेतात, तरी फरक का नाही?

कारण बऱ्याचदा औषध फुप्फुसात नीट पोचतच नाही. माझ्याच घरचं सांगते. बाबांना पहिल्यांदा डिस्चार्ज मिळाला तेव्हा पिशवीत एक प्लॅस्टिकचं मशीन आणि कॅप्सूलची डबी दिली, कोणी उघडून दाखवलं नाही, आम्हीही घाईत विचारलं नाही. बाबा सतरा दिवस ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. रोज, न चुकता, वेळेवर. अठराव्या दिवशी परत हॉस्पिटल. तिथे एका नर्सने विचारलं, "काका, कसं घेता ते मला करून दाखवा", आणि बाबांनी पाण्याचा ग्लास मागितला. तो क्षण मी विसरू शकत नाही, आज मी हे काम करते ते त्या एका वाक्यामुळे, करून दाखवा.

तर थोडक्यात. कॅप्सूलच्या मशीनमध्ये पावडर असते, ती ओढायला जोर लागतो, म्हणून आधी मशीनपासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, मग ओठ घट्ट मिटून एकदम जोरात आणि खोल ओढा, दहा सेकंद किंवा जमेल तेवढा श्वास रोखा. मग कॅप्सूल उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. मशीनमध्ये फुंकू नका, ओल धरून पावडर चिकटते. दाबायचा गॅसवाला पंप याच्या बरोबर उलटा, तो हलवा, श्वास सोडा, मग सावकाश ओढायला लागा आणि ओढताओढताच दाबा, ओढणं थांबवू नका, दहा सेकंद रोखा, दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. हात आणि श्वास जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ प्लॅस्टिकचं नळकांडं, लावा, वय झालेल्या बहुतेकांना त्यानेच सोपं जातं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, आतून फडक्याने पुसू नका, औषध प्लॅस्टिकला चिकटायला लागतं. आणि पंपात स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी करून दाखवा. चांगलं शिकलेलंही हळूहळू बिघडतं.

पंपाची सवय लागते का?

नाही. भूक लागली की रोज जेवतो त्याला आपण सवय लागली म्हणत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि सरळ फुप्फुसात जातं, गोळी मिलिग्रॅममध्ये असते आणि सगळ्या अंगात फिरते, म्हणून उलट पंपच बरा. "शेवटचा उपाय म्हणून पंप" हा समज डोक्यातून काढून टाका, कृपा करून.

दम एकदम वर आला तर त्या क्षणी काय करायचं?

आधी उभं राहून धडपडू नका. खुर्चीवर बसा, थोडं पुढे वाका, कोपरं मांडीवर टेकवा, खांदे सैल सोडा. उभे असाल तर ओट्यावर, कठड्यावर हात टेकून पुढे वाका. मग नाकाने साधा श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, हळूहळू सोडा. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ. घ्यायला दोन मोजा, सोडायला चार.

हे का करायचं? सीओपीडीत जोरात श्वास सोडला की अरुंद नळ्या अजून मिटतात आणि हवा आत कोंडते. ओठ अर्धे मिटले की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या उघड्या राहतात. मी घरोघरी सिटी बसचं उदाहरण देते, आतले आधी उतरू द्या मग चढा, दारात रेटारेटी केली तर ना कोणी उतरतं ना चढतं.

दुसरं, छोटा हातपंखा किंवा बॅटरीचा पंखा चेहऱ्यावर धरा, नाक-गालावर वारा लागला की दम कमी वाटतो, हे तपासून बघितलेलं आहे, नुसता आजीचा उपाय नाही. डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप सांगितला असेल तर तो घ्या, आणि तो कायम एकाच जागी ठेवा. बाबांचा पंप देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असायचा, रात्री लाइट गेली तरी आईचा हात बरोबर तिथेच जायचा.

आणि घरचे हो, त्या वेळी चार जणांनी मिळून "काय होतंय, काय होतंय" विचारू नका. बोलायला हवा लागते. एकाने शेजारी बसून आपण स्वतः तसा चंबूचा श्वास घ्यायचा, पेशंट बघून बघून लयीत येतो.

चालल्यावर दम लागतो, मग चालायचं कशाला, आराम करू दे ना?

प्रेमापोटी केलेली सगळ्यात मोठी चूक हीच. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने मांड्या-पोटऱ्यांची ताकद जाते, कमजोर स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, मग बाथरूमपर्यंत जातानाही दम लागतो, मग अजून बसणं. या चक्रात माणूस हळूहळू पलंगाला खिळतो आणि सगळे म्हणतात आजार वाढला. आजार थोडा वाढलेला असतो, बाकी पाय गेलेले असतात.

पल्मोनरी रिहॅब नावाचा प्रोग्राम असतो, ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीत व्यायाम. छातीच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा, मिळत असेल तर सोडू नका. नसेल तर डॉक्टरांची परवानगी घेऊन घरीच सुरू करा. वेग असा ठेवा की चालताना वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. थोडा दम लागणारच, तो धोक्याचा नाही, थांबल्यावर काही मिनिटांत तो खाली येतोय ना एवढं बघा. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा दहा वेळा, हा एकच व्यायाम केला तरी पायांना खूप होतं.

प्राणायामाबद्दल विचारतात. श्वास न रोखता, शांत अनुलोम-विलोम बहुतेकांना चालतं. कपालभाती आणि भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, जलद श्वासात हवा अजून आत अडकते.

तब्येत बिघडतेय हे आधी कसं ओळखायचं?

फ्रिजवर एक कागद लावा. मी तीन रंगांत करून देते, सिग्नलसारखा.

हिरव्यात तुमचा नेहमीचा दिवस लिहायचा, तुमच्या शब्दांत. एका काकूंनी लिहिलं होतं, "पोळ्या उभ्याने होतात, मध्ये एकदा बसते." दुसऱ्याच्या हिरव्याशी तुलना करायची नाही.

पिवळ्यात बदल. नेहमीपेक्षा दम जास्त, कफ जास्त, कफ पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, पंप जास्त वेळा लागतोय, रात्री उशी वाढवावी लागतेय, घोट्यावर सूज. काकूंच्या बाबतीत पिवळं म्हणजे "पोळ्या बसूनही होत नाहीत". कफ बेसिनमध्ये थुंकून पाणी सोडू नका, पांढऱ्या टिशूवर बघा, नाहीतर रंग कळणार कसा. पिवळं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. काही डॉक्टर घरी ठेवायला औषधं लिहून देतात, दिली असतील तर त्यांनी सांगितलंय तशीच, आणि सुरू केल्याचं त्यांना कळवून. मागच्या वेळची चिठ्ठी घेऊन मेडिकलवरून परस्पर अँटिबायोटिक आणणं बंद करा.

लाल म्हणजे वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय, छातीत दुखतंय, पंपाने काहीच फरक नाही. १०८ लावा नाहीतर जी गाडी असेल तिने निघा. मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत थांबू नका.

कागदावर डॉक्टरांचा नंबर, औषधांची नावं आणि नेहमीचं ऑक्सिजन किती ते मोठ्या अक्षरात लिहा. आणि हा कागद पेशंटने भरायचा, मुलीने नाही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

ऑक्सिमीटरवर ९१ दाखवतं, घाबरायचं का?

तुमच्यासाठी नॉर्मल किती हे डॉक्टरांना विचारून घ्या. सीओपीडीत काहींना ऑक्सिजन देताना ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतात, कारण जास्त दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. म्हणून ऑक्सिजनच्या मशीनचा फ्लो स्वतःच्या मनाने वाढवू नका. बोट गार असेल, नेलपेंट असेल तर आकडा चुकतो. दिवसातून वीस वेळा बोट घालून बघणाऱ्यांना मी ऑक्सिमीटर कपाटात ठेवायला लावते, सारखं बघून दम कमी होत नाही, धास्ती मात्र वाढते.

घरी ऑक्सिजन लिहून दिला असेल तर तो सहसा दिवसात १५ तास किंवा जास्त लावायचा असतो, दम लागला की पाच मिनिटं असा नाही. आणि निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, बिडी यांच्याजवळ ऑक्सिजन नको म्हणजे नकोच. पूजा करायची तर निरांजन दुसऱ्या कोणी लावू दे, तुम्ही लांबून हात जोडा.

बिडी सुटत नाही, कोच ओरडेल का?

नाही. ओरडून सुटली असती तर बायकोच्या ओरडण्याने तीस वर्षांपूर्वीच सुटली असती. सोडणं हा सीओपीडीत फुप्फुसाची घसरण मंदावणारा सगळ्यात मोठा उपाय आहे, कोणत्याही वयात, हे एकदा स्पष्ट सांगते आणि मग विचारते की दिवसातली कोणती बिडी सोडायला सगळ्यात सोपी. सहसा दुपारची असते. सकाळच्या चहाबरोबरची शेवटी. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. डॉक्टरांकडे यासाठी औषधंही असतात. सोडून परत लागली तर मला लपवू नका एवढंच मागणं आहे, बऱ्याच जणांची अनेक प्रयत्नांनीच सुटते.

इंदूर तर स्वच्छतेत नंबर एक, मग इथे हवेचा त्रास का व्हावा?

२०१७ पासून आपलं शहर पहिलं येत राहिलं याचा मलाही अभिमान आहे, पण कचरा उचलणं वेगळं आणि हवेतले बारीक कण वेगळे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धूर खाली बसतो, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या असतात, म्हणून फिरायला ऊन वर आल्यावर जा, नाका-तोंडावरून मफलर घ्या. दिवाळीचे दोन-तीन दिवस खिडक्या बंद. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला जायचा मोह सगळ्यांना होतो, लहानपणापासून बघितलेली असते, पण तो गुलाल हवेत अर्धा दिवस तरंगतो, टीव्हीवर बघा. गणपतीत घरात धूप-कापूर असेल तर पेशंटची खुर्ची दाराजवळ, आणि आरती सुरू असताना पंखा चालू, खिडकी उघडी. आरती म्हणायची असेल तर जरूर म्हणा, ओळ अर्धी सुटली तरी चालेल.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, थंडी सुरू व्हायच्या आधी.

खाण्यात काय बंद करायचं?

बंद करण्यापेक्षा वाटून खा. दाल-बाफले पोटभर खाऊन आडवं झालं की निरोगी माणसालाही जड होतं, सीओपीडीत भरलेलं पोट छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं आणि श्वासाला जागा उरत नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. वजन घटत असेल तर ते चांगलं लक्षण नाही, डाळ, अंडी, पनीर, शेंगदाणे वाढवा. दुधाने फुप्फुसात कफ तयार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पचत असेल तर घ्या.

घरच्यांनी नक्की काय करावं आणि काय करू नये?

कोच बनू नका, मुलगी, सून, नवरा म्हणूनच राहा. घरात एक पोलीस झाला की पेशंट चोर होतो, पंप घेतला म्हणून खोटं सांगायला लागतो. "घेतला का?" ऐवजी "चल, माझा चहा आणि तुमचा पंप बरोबरच" हे चालतं.

काम काढून घेऊ नका, काम सोपं करा. आंघोळीचंच बघा. उभं राहून डोक्यावर तांब्याने पाणी घेणं, मग दोन्ही हात वर करून अंग पुसणं, यात माणूस अर्धमेला होतो, आणि मग सून म्हणते मी घालते आंघोळ, आणि सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यापेक्षा प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, बादली दुसऱ्या उंच स्टुलावर, दार आतून कडी न लावता नुसतं लोटलेलं, आणि आंघोळ झाली की जाड टॉवेलचा गाऊन अंगावर घेऊन पाच मिनिटं बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं, पुसायची गरजच नाही. भारतीय संडासात उकिडवं बसताना पोट दाबलं जाऊन दम लागतो, कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. एवढ्या दोन वस्तूंनी कित्येक घरांतली भांडणं मिटलेली मी बघितली आहेत.

काळजी घेणाऱ्याला पण झोप लागते, सुट्टी लागते. मावशी-आत्या कोणीतरी आठवड्यातून एक दुपार येऊन बसू दे.

बाबा हल्ली कोणाशी बोलत नाहीत, सारखं रडू येतं त्यांना, हेही आजारातच येतं का?

हो, फार जणांना येतं आणि फार कमी जण सांगतात. दम आणि भीती एकमेकांना वाढवतात. बाबा शेवटच्या वर्षात रात्री दिवा घालवू द्यायचे नाहीत, आम्हाला वाटलं हट्ट, ती भीती होती. विचारा सरळ, "रात्री कशाची भीती वाटते?" उपाय सांगायची घाई करू नका. डॉक्टरांना सांगा, यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, कधीही लावता येतो.

चांगला कोच कसा ओळखायचा?

हेल्थ कोच हे नाव कोणीही लावतं, म्हणून जपून. जो इन्हेलर बंद करायला सांगतो, आजार मुळापासून घालवतो म्हणतो, पावडरचे डबे विकतो, डॉक्टरांशी बोलायला टाळतो, त्याच्यापासून लांब राहा. जो पहिल्याच फोनवर तुमच्यापेक्षा जास्त बोलतो तोही तुमच्या कामाचा नाही. नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, कोणीही शिकून हे करू शकतं. आणि सूर जुळला नाही तर मोकळेपणाने सांगा आणि माणूस बदला, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मलाही बदललंय लोकांनी.

किती दिवस चालतं हे?

माझ्याकडे साधारण सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने फोन. हॉस्पिटलातून आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, तेव्हा दोनदा. पेशंटने स्वतःहून सांगितलं की "ताई, सोमवारी पिवळं वाटलं, डॉक्टरांना फोन केला, तुम्हाला आत्ता सांगतोय", की मला कळतं, आता फोन कमी करायला हरकत नाही.

पहिल्या फोनच्या वेळी काय तयारी ठेवू?

सगळे पंप, रिकामे आणि अर्धवट राहिलेलेसुद्धा, एका ताटात काढून ठेवा. शेवटची डिस्चार्जची फाइल, स्पायरोमेट्रीचा कागद, चष्मा. पाण्याचा ग्लास. फोन स्पीकरवर ठेवा पण हातात पेशंटच्या, आणि मी काही विचारलं की घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. मी पहिल्यांदा विचारीन, "श्वास थोडा बरा झाला तर सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं?" मागच्या आठवड्यात एका आजींनी यावर सांगितलं, गच्चीवर जाऊन स्वतः पापड वाळत घालायचेत. सतरा पायऱ्या आहेत त्यांच्या गच्चीला. सध्या आम्ही पाचवर आहोत.